रोषणाईचा भाव कोठे तोडावा?

लग्नसराई आणि ईद-ए-मिलाद आली की घरावर माळा सोडण्याच्या कामात आपली बरीच तरुण मुले उतरतात. धंदा चांगला आहे, पण भाव पाडण्याची चढाओढ वाईट. लोहार चाळीतून घरात लावायची स्वस्त माळ आणायची, ती पावसात गॅलरीच्या लोखंडी गजाला बांधायची आणि जोडावर नुसती चिकटपट्टी मारायची. जोड भिजला की 230 व्होल्ट गजात उतरतात.

"फ्यूज आहे ना!" असे आपले कारागीरही म्हणतात. माणसाचा जीव घेणारा प्रवाह फ्यूज वितळवण्याइतका मोठा नसतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. हवा, वीज गळताच तो पुरवठा तोडतो. एकदा घेतला की कित्येक हंगाम चालतो, मग त्याचे भाडे बिलात उघडपणे लावायला संकोच कशाचा? खांबावर आकडा टाकणे तर 2003 च्या वीज कायद्याने गुन्हाच आहे.

गिऱ्हाईक फारच घासाघीस करू लागले तर दोन माळा कमी लावाव्यात. आर.सी.सी.बी. आणि शिडी धरणारा दुसरा माणूस कमी करू नये.