पौषाचा गारवा आणि तान्हुल्याची ऊब

पौष लागला, की डिचोलीच्या डोंगरपायथ्याला आणि पेडण्याच्या खाडीकाठी पहाटेचा गारवा दाटू लागतो. धालोच्या मांडावर रात्र जागविणाऱ्या बायकांना त्याचे भय नाही. फेर धरणारी पावले अंग तापवितात, आणि थंडी वाजलीच तर शरीर कापून ऊब निर्माण करते. पण त्याच वाड्यावर चार दिवसांपूर्वी जन्मलेल्या मुलाला ना पांघरूण ओढता येते, ना धड कापता येते.

निसर्गाने त्याची निराळी तरतूद केली आहे. त्याच्या मानेभोवती, पाठीच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांपाशी तपकिरी चरबी असते. पांढरी चरबी इंधन साठविते. तपकिरी चरबी ते जाळते. त्वचेला गारवा जाणवताच मज्जातंतूंवाटे तिच्या पेशींना निरोप जातो, आणि पेशींतील काही जनुके जागी होतात. जनुके तीच राहतात. बदलते ते त्यांचे कार्य. ग्रंथ तोच, पण मिटलेला अध्याय उघडावा, तसे हे आहे. त्यातून यूसीपी-१ हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार होते. खाजनाच्या बांधावरील मानस उघडावी, त्याप्रमाणे ते पेशीतील शक्तीला वेगळी वाट करून देते, आणि ती शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते.

ही चरबी प्रौढांतही कार्यरत असते, हे २००९ साली स्पष्ट झाले. २०१३ साली जपानी संशोधकांनी काही जणांना सहा आठवडे रोज दोन तास १७ अंश सेल्सियसच्या गारव्यात ठेवले, तेव्हा ती अधिक कार्यक्षम झाल्याचे आढळले. मात्र यावरून कोणी ‘मुलाला थंडी लागू द्यावी, म्हणजे ते काटक होईल’ असे म्हणेल, तर आमचा त्याला स्पष्ट विरोध आहे. ही शेगडी दुधावर आणि प्राणवायूवर पेटते. वाढीसाठी प्यालेले दूध ऊब राखण्यातच खर्ची पडले, तर वजन कसे वाढावे? शिवाय ही चरबी मुख्यतः गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत साठते. अपुऱ्या दिवसांच्या मुलापाशी ती थोडीच असते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्यास शिकविले. मुलाला उबदार ठेवणे हा त्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग होता. या कामामुळे तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा घरोघरच्या आजीबाईंना आमची विनंती आहे. जन्मल्यावर मूल चटकन पुसून कोरडे करावे आणि आईच्या उघड्या छातीशी द्यावे. पहिल्या स्नानाची घाई करू नये. किमान चोवीस तास थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोक्याला टोपडे असावे. अधूनमधून हाताने मुलाचे पोट आणि तळपाय चाचपावेत. पोट उबदार पण तळपाय गार लागले, तर शेगडी पेटल्याची ती खूण समजून मुलाला आईच्या कुशीत घ्यावे. दोन्ही गार लागले, तर त्याला छातीशी धरूनच विनाविलंब दवाखाना गाठावा.