सुजलेला पाय आणि गेलेला तोल

हत्तीपायाचा रुग्ण दवाखान्यात आला की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. गोळीने पाय उतरेल का, हा पहिला. आणि आता चालणे-फिरणे बंद करायचे ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ऐकून रुग्ण खट्टू होतो. दुसऱ्याचे उत्तर ऐकून घरची मंडळी माझ्याकडे संशयाने पाहू लागतात, कारण चालणे बंद करू नका, उलट रोज व्यायाम करा, असे मी सांगतो. "डॉक्टरसाहेब, पाय उचलत नाही तिथं व्यायाम कसला?" हे वाक्य मी गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे की आज त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहायचे ठरवले.

आपल्या पूर्व विदर्भाला हा रोग नवा नाही. गटारात व साचलेल्या सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो, त्याच्यावाटे सूक्ष्म जंत शरीरात शिरतात आणि लसिकावाहिन्यांत घर करतात. २००४ पासून देशात सामुदायिक गोळ्यांची मोहीम सुरू झाली, जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्यास प्रारंभ झाला आणि २०२७ पर्यंत हत्तीरोग हटवण्याचे उद्दिष्ट शासनाने ठेवले आहे. गोळ्या जरूर घ्या, त्याने पुढच्या पिढीचे पाय वाचतील. पण ज्याचा पाय आधीच जाड झाला आहे त्याचे काय? त्या गोळ्या जंतांवर काम करतात. वर्षानुवर्षांची सूज त्यांनी उतरत नाही. लघवी जास्त होण्याची गोळी देऊन पाय बारीक करू पाहणारेही आहेत. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या सुजेत तिचा उपयोग असतो, या सुजेत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाल्यानंतर काही भगिनींचा पाय सुजतो. तिथे जंताचा संबंध नसतो, पण लसिकेची वाट अडलेली असते, त्यामुळे आजचे बोलणे त्यांनाही लागू आहे.

रक्तवाहिन्यांतून पाझरून पेशींभोवती जमणारे पाणी परत रक्तात नेऊन सोडणे हे लसिकावाहिन्यांचे काम. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला असा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे बारीक आकुंचन, आपला श्वास आणि स्नायूंची हालचाल एवढ्यावरच तिचा प्रवाह चालतो. पायापुरते बोलायचे तर पोटरी हा मोठा पंप. घोटा वर-खाली झाला की पोटरी आवळते, सैल पडते आणि पाणी वर सरकते. पाटचारीत गाळ बसला म्हणून कोणी शेतकरी पाणी सोडणे कायमचे बंद करत नाही; आहे त्या वाटेने पाणी पुढे कसे जाईल ते पाहतो. आपण मात्र पाय सुजला की माणसाला खाटेवर बसवून त्याचा उरलासुरला पंपही बंद करून टाकतो.

आता तोलाकडे येऊ. याविषयी फारसे कोणी बोलत नाही आणि माझ्या मते खरे दुखणे इथेच आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा काही किलोने जड झालेला असतो. घोटा आखडलेला असतो, तळव्याची कातडी जाड झाल्यामुळे पायाखाली खडा आहे की चिखल हे नीट कळत नाही. माणूस तो पाय उचलून टाकण्याऐवजी बाजूने फिरवून आणतो आणि सगळा भार चांगल्या पायावर देतो. मग चांगल्या पायाचा गुडघा दुखू लागतो, पाठोपाठ कंबर. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालताना एकदा पाय घसरला की मनात धास्ती बसते. धास्तीने चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने मांड्या व पोटऱ्या रोडावतात (सुजेमुळे बाहेरून ते दिसतही नाही), आणि रोडावलेल्या स्नायूंवर तोल आणखी जातो. पडले की खरचटते. खरचटल्या जागेतून जंतू शिरतात, थंडी वाजून ताप भरतो, पाय लाल होऊन ठणकतो, आणि अशा प्रत्येक तापानंतर पाय थोडा अधिक जाड होतो.

या रुग्णांना आपण सर्वात आधी सांगतो ते पाय धुण्याबद्दल. साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, भेगांना मलम लावा. हे अगदी खरे आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात डॉ. जेरुसा ड्रेयर यांनी अशा रुग्णांची 'आशा मंडळे' चालवली आणि रोजच्या स्वच्छतेने तापाचे झटके कमी होतात हे दाखवून दिले. पण विचार करा, ज्याला एका पायावर क्षणभर उभे राहता येत नाही, ज्याला वाकून आपल्याच करंगळीपर्यंत हात पोहोचवता येत नाही, तो ओल्या न्हाणीत पाय धुणार कसा? एक तर तो धुण्याची टाळाटाळ करतो किंवा न्हाणीत पडतो. म्हणून मी म्हणतो, तोलाचा व्यायाम ही नंतरची चैन नाही. धुण्याइतकाच तो आधी शिकवायला हवा.

व्यायामाने सूज वाढते ही भीती डॉक्टरांनाही होती. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगानंतर हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांना हातावर घट्ट बाही घालून, शिकवलेल्या रीतीने, हळूहळू वाढवत आठवड्यातून दोनदा वजने उचलायला लावली. वर्षाअखेर त्यांच्या हाताची सूज इतरांपेक्षा वाढली नव्हती, ताकद वाढली होती आणि सूज उसळण्याचे प्रसंग उलट कमी झाले होते. पायावरचे अभ्यास याहून कमी व लहान आहेत, पण त्यांचा कलही तोच आहे. केरळात कासरगोड येथील एका संस्थेत हत्तीपायाच्या रुग्णांना धुणे, पट्टी बांधणे यांच्या जोडीला योगासने व श्वासाचे व्यायाम दिले जातात. म्हणजे हे काही परदेशी खूळ नव्हे.

व्यायाम करायचा तो पायाला पट्टी बांधून. स्नायू आतून दाबतो, पट्टी बाहेरून अडवते, आणि मधले पाणी वर सरकते. पट्टी कमी ताणणारी, सुती; बोटांपासून सुरुवात करून वर न्यायची, खाली घट्ट व वर किंचित सैल. ती एकदा डॉक्टरांकडून वा नर्सबाईंकडून शिकून घ्या, मनाने बांधू नका. बोटे निळी पडली, मुंग्या आल्या तर ताबडतोब सोडा. जुना मधुमेह असलेल्यांनी आणि चालताना पोटऱ्या वळून थांबावे लागणाऱ्यांनी पायाचा रक्तपुरवठा तपासून घेतल्याशिवाय पट्टी बांधूच नये.

सकाळी अंथरुणातच सुरुवात करा. पोट फुगेल असे पाच-सहा सावकाश श्वास घ्या. मग पाय उशीवर ठेवून दोन्ही घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवा, नंतर गोल फिरवा. दिवसभरात बसल्या बसल्या हे चार-पाच वेळा करता येते, अगदी टीव्ही पाहतानाही. खुर्चीत बसून एकेक गुडघा सरळ करून पाच आकडे धरून ठेवणे, हा मांडीचा व्यायाम. मला सर्वात मोलाचा वाटतो तो मात्र खुर्चीतून उठण्या-बसण्याचा. पक्की, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन पाच वेळा उठा-बसा, जमू लागले की दहा, मग हात न टेकता. ज्याला हे जमते त्याला संडासला जाताना दुसऱ्याला हाक मारावी लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला याहून मोठी गोष्ट कुठली, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

उभ्याने करायचे व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून करावेत. टाचा उचलून हळूच टेकवणे. भार एकदा या पायावर, एकदा त्या पायावर घेणे. मग पाय जुळवून दहा आकडे उभे राहणे; ते जमले की एक पाय अर्धे पाऊल पुढे, आणि शेवटी एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. आधी दोन्ही हातांनी धरा, काही दिवसांनी एका हाताने, नंतर नुसत्या बोटाने. जवळ घरचे कोणी तरी असावे. चालणे उजेडात, सपाट जागी, मागे पट्टा असलेली चप्पल घालून; स्लीपर नको. आरंभी पाच-दहा मिनिटे पुरे. स्त्रियांनी साडी चार बोटे वर नेसावी. पाय झाकण्यासाठी साडी जमिनीला टेकवतात आणि तिच्यातच पाय अडकून पडतात. पाय दिसला तर दिसू द्या.

व्यायाम जास्त होतो आहे का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. शिंपी वापरतात तो टेप घ्या, किंवा साधा दोरा. रोज सकाळी उठल्यावर, घोट्याच्या वर एकाच ठिकाणी खूण करून तिथे माप घ्या व दोऱ्याला गाठ मारा. दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी दोरा पुरेनासा झाला तर व्यायाम थोडा कमी करा. संध्याकाळी पाय थोडा फुगतोच, त्यावरून घाबरू नये.

थंडी-ताप, पाय लाल व गरम, जांघेत गाठ असेल तेव्हा मात्र व्यायाम बंद, पट्टी बंद, चोळणे-मालिश तर अजिबात नाही. पाय उंचावर ठेवा, गार पाण्याच्या घड्या ठेवा, भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांकडे जा. प्रतिजैविकाची गरज असू शकते. दुखणे पूर्ण ओसरल्यावर घोटा हलवण्यापासून पुन्हा सुरुवात. एखादा पाय एक-दोन दिवसांत अचानक सुजून पोटरी दुखू लागली तर ती शिरेतील रक्ताची गाठ असू शकते. तेव्हा व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि दोन्ही पाय सारखेच सुजले असतील, धाप लागत असेल, तर आधी हृदय व मूत्रपिंडे तपासून घ्या.

घरच्यांना एक विनंती. सून भली असते, सासऱ्यांना पाणीसुद्धा जागेवर देते, शेजारी तिचे कौतुक करतात. पण त्या कौतुकापायी म्हातारा खाटेला खिळतो. पाण्याचा माठ चार पावले लांब असू द्या. न्हाणीत बसायला पक्के स्टूल ठेवा, संडासच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवून घ्या. गावातला वेल्डर हे काम सहज करून देतो.

शासनाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. हत्तीपायाच्या रुग्णांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच दिला जातो. चांगली योजना आहे. पण पुष्कळदा वाटप होते, छायाचित्र निघते आणि टब घरी जाऊन धान्य भरायच्या कामी येतो. संच हातात देताना वीस मिनिटे बसवून धुणे, पट्टी आणि हे पाच-सहा व्यायाम करवून घेतले तर त्याचा उपयोग होईल. जिल्हा रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टने आशाताईंना एक दिवस शिकवावे, आणि आशाताईंनी महिन्यातून एकदा उपकेंद्रात आपल्या गावच्या रुग्णांना एकत्र बोलवावे. याला नवी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतात त्या चार खुर्च्या. एकट्याने व्यायाम करायला माणूस लाजतो आणि आठ दिवसांत सोडतो. चौघे एकत्र आले की एकमेकांच्या दोऱ्यांच्या गाठी पाहतात. किती रुग्णांना संच दिला याचा आकडा अहवालात असतोच. खुर्चीतून हात न टेकता किती जण उठू लागले, याचाही एक रकाना त्यात असावा, अशी माझी सूचना आहे.

काठी घ्यावी का, असे पुष्कळ जण विचारतात. जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र ती सुजलेल्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरायची, आणि तो पाय पुढे टाकताना काठीही बरोबरच पुढे टाकायची. बहुतेक जण उलटे करतात. चप्पल घालून सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मनगटाच्या घडीपर्यंत येईल एवढी तिची उंची असावी, आणि खाली रबरी बूच हवेच. ते झिजून गुळगुळीत झाले की लगेच बदला. औषधाच्या मोठ्या दुकानात मिळते.