बोअर बुजवले, म्हणून पोहुतू उसळतो

न्यूझीलंडच्या सहलीत मराठी पर्यटकांच्या वाट्याला रोटोरुआ येतं ते बहुधा एका मुक्कामापुरतं. गंधकाचा वास, फदफदणारा चिखल, तीस मीटरपर्यंत उसळणाऱ्या पोहुतू गायझरसमोर फोटो, की बस पुढे निघते. माझा आग्रह आहे, तिथे दोन दिवस काढा. आणि पोहुतूसारखीच जी कारंजी आज उरलेली नाहीत, त्यांची हकीकत आधी समजून घ्या.

गायझर फार नाजूक असतो. त्याच्या अरुंद नळीत वरच्या पाण्याच्या भारामुळे तळाचं पाणी शंभर अंशांपुढे तापूनही उकळत नाही. वरचं थोडं पाणी सांडलं, की दाब उतरतो, तळाशी एकदम वाफ होते आणि सगळं पाणी आकाशात फेकलं जातं. जमिनीखालचा दाब घटला, तर हे सारं थांबतं. रोटोरुआच्या वाटेवरच्या वाइराकेईला तेच झालं. १९५८मध्ये तिथे भूगर्भातल्या वाफेवर वीज तयार होऊ लागली आणि शेजारच्या खोऱ्यातली कारंजी काही वर्षांतच निमाली.

रोटोरुआही त्याच वाटेवर होतं. घरं, हॉटेलं, पोहण्याचे तलाव तापवायला लोकांनी परसात बोअर घेतले होते. १९७९मध्ये पापाकुरा गायझर बंद पडला. अखेर १९८६मध्ये सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायचं ठरवलं. लोक चिडले. घरातली ऊब हिरावली गेल्यावर कोण चिडणार नाही? तरीही निर्णय योग्यच होता. जमिनीखालचं पाणी पुन्हा वर चढलं, आटलेले झरे वाहू लागले आणि २०१५मध्ये पापाकुराही उसळला.

पोहुतूला लागूनच व्हाकारेवारेवा हे माओरींचं नांदतं गाव आहे. १० जून १८८६ला तारावेरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, तुहोउरांगी या माओरी जमातीची गावं राखेखाली गाडली गेली. गरम झऱ्यांनी घडवलेल्या ज्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या पाहायला जगभरातून प्रवासी यायचे आणि हे लोक त्यांना वाट दाखवायचे, त्याही नाहीशा झाल्या. वाचलेल्यांपैकी अनेक जण इथे येऊन वसले. इथे मक्याची कणसं उकळत्या कुंडात शिजतात. कुंडातून आपसूक ओसंडणारं पाणी चरांतून न्हाणीच्या टाक्यांत येतं, उपसावं लागत नाही. जमिनीतली ऊब वापरायची कशी, हे मला या गावाइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसलं नाही. म्हणून इथलं तिकीट खुशीने काढावं, आणि गावातल्याच वाटाड्याबरोबर फिरावं.

सहल आखणाऱ्या कंपन्यांनी एवढं तरी करावं. ताउपोहून रोटोरुआला येताना वाइराकेई वाटेतच लागतं. तिथे बस थांबवावी, त्या खोऱ्याचं काय झालं ते प्रवाशांना सांगावं, आणि मगच पोहुतूकडे न्यावं.