पासवर्ड लिहून ठेवा, बिनधास्त!

‘पासवर्ड कागदावर कध्धीच लिहायचा नाही!’ आम्हा आयटीवाल्यांनी घरोघरी फुकट वाटलेला हा सल्ला. मला विचाराल तर निदान घरच्या लॅपटॉपसाठी तो कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या लायकीचा आहे. का ते सांगतो.

लॅपटॉप चालू केल्या केल्या, विंडोज यायच्याही आधी जो पासवर्ड मागितला जातो, तो बायॉसचा. त्याचा विंडोजशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे ‘फॉरमॅट मार, झालं’ हा आपला राष्ट्रीय उपाय इथे चालत नाही. ‘आतला सेल काढून परत लाव’ हा दुसरा उपाय. तो जुन्या डेस्कटॉपवर चालायचा, कारण तिथे पासवर्ड सेलच्या जिवावर टिकणाऱ्या सीमॉस मेमरीत असायचा. बहुतेक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपमध्ये असतो. सेल काढा नाहीतर देव पाण्यात ठेवा, तो ढिम्म हलत नाही. मग काही कंपन्या बिल बघून मदत करतात, काही सरळ ‘मदरबोर्ड बदला’ म्हणतात.

माझ्या एका मित्राच्या वडिलांनी हा पासवर्ड डायरीत, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिला होता. ‘बाबा, असं लिहायचं नसतं हो!’ म्हणत चिरंजीवांनी ते पान टरकावलं. तीन महिन्यांनी बाबा पासवर्ड विसरले. डिस्क काढून निदान फोटो तरी वाचवू म्हटलं, तर ती बिटलॉकरने एन्क्रिप्ट झालेली. ४८ आकडी रिकव्हरी की हवी. ती ऑनलाइन खात्यात, खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद झालेला, आणि खात्याचा पासवर्ड? त्याच पानावर! नातीच्या बारशाचे फोटो त्या डिस्कमध्येच राहिले. वर बोलणी खाल्ली ती बाबांनीच.

आता सांगा, यात बाबांचं काय चुकलं?

चोर गाडीत तुमची बॅग मारेल. घरच्या कपाटातली डायरी त्याला थोडीच मिळणार आहे? ‘चोर घरातच शिरला तर?’ अहो, दागिने आणि घराची कागदपत्रं त्याच कपाटात ठेवता ना? ब्रूस श्नायरसारख्या सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच सांगितलं होतं, पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात जपा. म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही.

अर्थात ऑफिसच्या मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी चिकटवू नका. लॅपटॉपच्या बॅगेत तर मुळीच नको. पण घरच्या लॅपटॉपला चोरापेक्षा विसरण्याचा धोका मोठा आहे, आणि वयानुसार तो वाढतच जाणार. बरं, २०२४ च्या विंडोज ११ अपडेटनंतर नव्याने इन्स्टॉल केलेल्या बऱ्याच मशीनवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. म्हणजे विसरण्याची किंमतही वाढलीये.

तेव्हा मंडळी, या रविवारी एवढंच करा. आईबाबांच्या लॅपटॉपचा पासवर्ड आणि रिकव्हरी की ठळक अक्षरात लिहा, खरेदीच्या बिलाला टाचा आणि कपाटात ठेवा. आणि हो, त्यांच्या डायरीला हात लावू नका!