विजेचा इशारा फोनवर का येत नाही?

रोवणीच्या दिवसांत आपल्या गोंदिया जिल्ह्यातील आयाबहिणी दिवसभर बांध्यांत वाकून असतात. आभाळ गरजले की जीव मुठीत धरून काम चालते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनविलेले 'दामिनी' ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजेचा इशारा देते. शेजारच्या वहिनींच्या फोनवर ते होते, पण इशारा दिसला नाही. फोन तपासला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी परवानगीला 'नाही' दाबल्याचे कळले.

बंधू-भगिनींनो, ॲप घेतले म्हणजे निरोप येईलच असे नाही. साधारणतः अशी ॲप प्रथम उघडताच फोनची नोंदणी होऊन त्यास टोकन मिळते. तो फोनचा पत्ता समजा. निरोप त्याच पत्त्यावर येतो. नवा फोन घेतला किंवा ॲप काढून पुन्हा टाकले, की पत्ता बदलतो. तेव्हा नेट सुरू ठेवून ॲप एकदा उघडावेच लागते. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगीही वेगळी द्यावी लागते.

म्हणून क्रमाने पाहा. सेटिंग्जमध्ये ॲपचे नोटिफिकेशन व लोकेशन सुरू आहे काय? नेट आहे काय? बॅटरी बचतीने ॲप बंद तर पाडले नाही? तरीही जमले नाही, तर ॲप काढून पुन्हा टाका.

आणि फोन गप्प असला, तरी गडगडाट ऐकताच बांधी सोडा. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. शिकलेल्या मुलामुलींनो, आज रात्रीच आईचा फोन तपासा.