विजेची किंमत आणि विजेचे मोल

रिकाम्या खोलीत पंखा फिरत असावा, एखाद्या मुलाने तो बंद करावा आणि घरातील कोणी म्हणावे, "असू दे रे, बिल आपणच भरतो ना!" असा प्रकार पुष्कळ घरांत घडतो. या बोलण्यात थोडे तथ्य आहे. वीज फुकट मिळत नाही. तिची किंमत घरोघर मोजली जाते. परंतु किंमत निराळी आणि मोल निराळे. विजेची किंमत बिलावर छापलेली असते. तिचे मोल त्या कागदावर कोठेही दिसत नाही.

महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग कोळसा जाळून निर्माण होतो. चंद्रपूरजवळ असे एक प्रचंड औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथे कोळशाच्या आगीवर पाण्याची वाफ करतात. त्या वाफेच्या जोराने चक्रे फिरतात आणि चक्रांना जोडलेली जनित्रे वीज निर्माण करतात. एक युनिट विजेसाठी साधारणतः अर्धा ते पाऊण किलो कोळसा खर्ची पडतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. त्या राखेचा आणि धुराचा उपद्रव आसपासच्या वस्तीला सोसावा लागतो; आणि कोळसा जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू साऱ्या पृथ्वीचे तापमान वाढवीत राहतो.

पाण्यापासून निर्माण होणाऱ्या विजेला धूर नसतो. तथापि तिलाही मोल आहेच. सातारा जिल्ह्यात कोयना नदी अडवून शिवसागर हा विशाल जलाशय निर्माण झाला. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळी येथील भूमिगत विद्युतगृहाकडे नेले आणि 1962 मध्ये तेथे वीज निर्माण होऊ लागली. त्या जलाशयाखाली अनेक गावे गेली. तेथील माणसांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, शेते आणि देवळे सोडून अन्यत्र संसार मांडावे लागले. त्यांच्या त्यागाची नोंद कोणत्याही मीटरवर उमटत नाही.

म्हणूनच, बिल भरले की वीज उधळण्याचा अधिकार मिळाला, असे मानणे योग्य नव्हे. जळालेला कोळसा पैशाने खाणीत परत जात नाही आणि बुडालेले गाव पैशाने वर येत नाही.

रिकाम्या खोलीतील पंख्याचाच हिशेब पाहावा. पंखा खोली थंड करीत नाही. तो अंगावरील घाम सुकवून माणसाला गारवा देतो. माणूसच नसेल, तर त्याचे फिरणे सर्वस्वी व्यर्थ होय. 75 वॅटचा पंखा रोज 4 तास असा फिरत राहिला, तर वर्षाकाठी सुमारे 110 युनिटे वाया जातात. तेवढ्यासाठी 50 किलोंहून अधिक कोळसा जाळावा लागतो. त्यातून कोणालाही क्षणभराचेदेखील सुख मिळत नाही.

मात्र काटकसर म्हणजे कृपणपणा नव्हे. मंद उजेडात डोळे ताणून अभ्यास करणे किंवा उकाड्यात आजारी आजीचा पंखा बंद करणे, याला कोणी शहाणपण म्हणणार नाही. गरजेपुरते मोकळेपणाने वापरावे आणि गरज संपताच थांबावे, ही खरी काटकसर. जुन्या 60 वॅटच्या बल्बइतका उजेड 9 वॅटचा एलईडी दिवा देतो. तेथे उजेड कमी होत नाही, केवळ उधळण थांबते. भिजवून घेतलेली डाळ लवकर शिजते आणि झाकण ठेवलेल्या पातेल्याला गॅस कमी पुरतो. माठातील पाणी विजेवाचूनच गार होते. गच्चीवरील टाकीत पाणी चढविण्यास पंप लागतो. म्हणून गळणारा नळ पाण्याबरोबर वीजही सांडीत असतो.

एका घराने चार युनिटे वाचविली, तर चंद्रपूरची आग विझणार आहे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. कारखान्यांनी, कार्यालयांनी आणि रात्रभर झगमगणाऱ्या जाहिरातींच्या फलकांनीही आपला वापर आवरला पाहिजे. सूर्य आणि वारा यांपासून अधिक वीज मिळविली पाहिजे. ही कामे मुलांच्या हातची नव्हेत. परंतु सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरचे दिवे, पंखे आणि दूरचित्रवाणी संच सुरू होतात. तो वाढलेला भार पुष्कळ अंशी कोळशावर आणि धरणांवर पडतो. तो हलका करणे मात्र घरांच्या हाती आहे. शिवाय कारखाने चालविणारी आणि फलक उभारणारी माणसेही एके काळी कोणत्या तरी घरात मुले म्हणूनच वाढलेली असतात. वस्तूचे मोल जाणण्याची सवय घरात लागली, तर ती पुढे माणसाबरोबर सर्वत्र जाते.