तयार ताटावरचे पाहुणे

"पुरतें होऊं द्या, मग पाहूं," हें वाक्य आमच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडीं इतकें बसलें आहे, कीं तें आपण विचारपूर्वक बोललों असा बोलणारासहि भ्रम होतो. गेल्या महिन्यांत आमच्या एका सहाध्यापक मित्रांनीं तें आम्हांस ऐकविलें. आम्ही एका नव्या ब्राउझरची कच्ची आवृत्ति पंधरा दिवस वापरून पाहिली होती आणि तिच्या खोड्या त्यांस सांगत होतों. "ह्या वयांत हे उपद्व्याप कशाला?" असेंहि त्यांनीं पुढें विचारलें. चहाच्या पेल्यासमोर त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. असे मित्र आमच्या वाचकांसहि असतील, म्हणून तें येथें देत आहों.

त्या ब्राउझरचें नांव आम्ही सांगत नाहीं. बांधकाम चालू असलेल्या घराचें छप्पर गळतें अशी दवंडी पिटणें सभ्यपणाचें नव्हे. शिवाय कर्त्यांनींच आपलें काम अपुरें असल्याची पाटी उंबऱ्यावर लावून ठेविली होती. तयार मालासारखा तो उतरवून घेतां येत नव्हता. त्याचा मूळ प्रोग्राम आणून तो आपल्याच संगणकावर घडवावा लागला, आणि त्या कामीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन संध्याकाळ खर्चिल्या. पुढें काय झालें? वर्तमानपत्राच्या एका पानावर दोन रकाने एकमेकांच्या अंगावर चढले. विजेच्या बिलाचें पान उघडलेंच नाहीं. दोनदां तर आम्ही वाचीत असतांच सबंध ब्राउझर आपण होऊन मिटला.

आणि एका मराठी कथेंत लग्नघरचा यजमान पहाटे उठून 'आचार्यांना' चुली पेटविण्याची ताकीद देत होता! लेखकानें लिहिलें होतें 'आचाऱ्यांना'. अध्यापक या नात्यानें आम्हांस क्षणभर धास्तीच वाटली. कारण शोधतां असें दिसलें, कीं युनिकोडांत हें रूप पुष्कळ ठिकाणीं साधा र, त्यापुढें हलन्त आणि त्यापुढें डोळ्यांस न दिसणारा एक जोडक असें लिहून साधतात. तो जोडक ब्राउझरनें गिळला, कीं र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मग आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि डोंगरांतल्या दऱ्यांचा दर्या होतो.

हा दोष कोणाच्या ध्यानांत यावा? हिंदींत ह्या रूपाचें काम पडत नाहीं. देवनागरी उत्तम जाणणारा हिंदी वाचक पानामागून पान वाचील आणि त्यास कांहींच खुपणार नाहीं. परदेशांतील कर्त्यास तर दोन्ही आकृति सारख्याच सुंदर. खुपेल तें मराठी, कोंकणी किंवा नेपाळी वाचणारास. आणि तोच जर "पुरतें होऊं द्या" म्हणून बाजूस बसला, तर तें पुरतें व्हावयाचें कसें?

आम्हीं काय केलें? लिहिलें आहे काय, दिसतें काय, दिसावयास हवें काय आणि अर्थ कसा पालटतो, एवढें सोप्या इंग्रजींत दहाबारा ओळींत मांडलें, पडद्याचें चित्र जोडलें आणि कर्त्यांकडे पाठविलें. दुसऱ्या दिवशीं कोणा अपरिचिताचा एक प्रश्न आला. त्यास उत्तर दिलें. दहाव्या दिवशींच्या आवृत्तींत आचारी आपल्या चुलीशीं परत आले होते. ह्यांत आमची विद्वत्ता काडीइतकीहि खर्ची पडली नाहीं. मराठी वाचतां येणें, एवढेंच भांडवल लागलें.

"आम्ही कांहीं यंत्रज्ञ नव्हों," असें आतां कोणी म्हणतील. लेखकास खिळे जुळवितां येत नाहींत, म्हणून आपल्या पुस्तकाचीं मुद्रितें तपासावयाचें तो नाकारीत नाहीं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचा जो लौकिक झाला, तो सुबक खिळे पाडणारांच्या हातकौशल्यानें जितका झाला, तितकाच डोळ्यांत तेल घालून मुद्रितें वाचणाऱ्या शास्त्र्यांमुळें झाला. कच्ची आवृत्ति म्हणजे मुद्रितच होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जो आहे तो उत्तम चालतो, मग नवा हवा कशाला? ह्यास इतिहासच उत्तर देतो. नेटस्केपचा पाडाव झाल्यावर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ति २००१ सालीं निघाली. सातवी निघावयास २००६ साल उजाडलें. तोलाचा प्रतिस्पर्धी उरला नव्हता, म्हणून घाईहि नव्हती. ती झोंप मोडली कोणीं? नेटस्केपनें १९९८ सालीं आपला मूळ प्रोग्राम सर्वांस खुला केला होता. त्यांतून चाललेल्या कामांतून २००२ च्या सप्टेंबरांत 'फिनिक्स' ह्या नांवाची ०.१ आवृत्ति बाहेर पडली. दोनदां नांव पालटून तीच २००४ च्या नोव्हेंबरांत 'फायरफॉक्स १.०' झाली. मधल्या दोन वर्षांत जे लोक तिचे दोष सोशीत व कळवीत बसले, त्यांच्या श्रमांचें फळ पुढें तिला हातहि न लावणारांस सुद्धां मिळालें.

आज तशी भीति उरली नाहीं असें कोणी समजूं नये. ब्राउझरचें बाह्यांग निराळें आणि पान वाचून पडद्यावर मांडणारें इंजिन निराळें. ऑपेरानें आपलें स्वतःचें इंजिन २०१३ सालीं सोडलें. मायक्रोसॉफ्टनेंहि तीच वाट धरली आणि २०२० च्या जानेवारींत गूगलच्या क्रोमियमवर उभारलेला एज बाहेर काढला. आपल्या देशांत २०१० सालीं निघालेला 'एपिक' आरंभीं फायरफॉक्सच्या पायावर होता. तोहि पुढें क्रोमियमवर गेला. मोठीं इंजिनें उरलीं तीन: गूगलचें ब्लिंक, ॲपलचें वेबकिट आणि मोझिलाचें गेको, त्यांतलें ब्लिंकहि २०१३ सालीं वेबकिटमधूनच फुटलेलें. नव्या नांवांनीं जे ब्राउझर येतात, त्यांपैकीं बहुतेकांचा अंगरखा तेवढा नवा असतो. बहुतेक वाचक एकाच इंजिनावर गोळा झाले, कीं संकेतस्थळ बांधणारा त्यावर पान नीट दिसलें म्हणजे हात झटकतो, आणि मग त्या इंजिनाची चूकहि नियम होऊन बसते. असल्या चुकींत आपलें एखादें अक्षर सांपडलें, तर दाद मागावयास दुसरें दार राहात नाहीं.

कच्च्या ब्राउझरमधून पैशाचे व्यवहार करावे, असें मात्र आम्ही सुचवीत नाहीं. बँकेचें काम आम्हीं जुन्या, मुरलेल्या ब्राउझरमधूनच केलें. वाचकांनींहि तसेंच करावें. नवें इंजिन लिहिणें अतोनात कष्टाचें काम आहे, आणि आम्हीं पाहिलेलें कदाचित् तडीसहि जाणार नाहीं. तरी आमचे पंधरा दिवस फुकट गेले असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या लिपीची एक अडचण ती न जाणणारांच्या ध्यानांत आली, आणि ती त्यांच्या टिपणांत नमूद होऊन राहिली. पुढचा कोणी कर्ता तीं टिपणें चाळील, तेव्हां ती त्यासहि सांपडेल.

मराठीची उपेक्षा होते असे ठराव आम्हीं पुष्कळ सभांतून ऐकले आहेत. कित्येकांस हात वर करून अनुमतिहि दिली आहे. त्या सभांतून घरीं परतल्यावर दोषाची एक ओळ कोणास लिहून पाठविली काय, असें कोणी विचारलें असतें, तर गेल्या महिन्यापर्यंत आम्हांसहि मान खालीं घालावी लागली असती. पान वाढून झाल्यावर येऊन बसणारानें मिठाबद्दल कुरकुर करूं नये, एवढी रीत आपल्या घरांत अजून पाळतात.

आमच्या मित्रांस ती कच्ची आवृत्ति आम्हीं पुन्हां दाखविली; "पुरतें होऊं द्या," असेंच ते पुन्हां म्हणाले. ठीक आहे. तोंवर त्यांस आचार्य म्हणावें कीं आचारी, हें ठरविण्याचा अधिकार त्यांनीं परक्यांच्या हातीं दिला आहे, एवढें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.